शाळेच्या कपड्यांची मापं आणि मुलांच्या पाठी

माणसं एकमेकांना समोरून बघतात, शिंप्याला मात्र आधी पाठ दिसते. मानेखालच्या उंच मणक्यावर टेपचं टोक धरायचं, दोन्ही खांद्यांची टोकं बोटांनी चाचपायची, टेप पाठीवरून खाली सोडायची, मग कंबर, सीट, गुडघा. लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हापासून मी हेच करतेय. मोती चौकाजवळच्या बोळात आमचं दुकान आहे. मामंजी शाळेचे कपडे शिवायचे, आता मी आणि माझ्याबरोबरच्या बायका शिवतो. मे अर्धा सरला की दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. शहरातली पोरं येतात, परळी, ठोसेघर, लिंब, कोरेगावकडची पोरं आईबरोबर एसटीनं येतात. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळ्या वयाच्या पाठी त्या महिन्या-दीड महिन्यात हाताखालून जातात.

इतक्या पाठी बघितल्यावर एक गोष्ट सांगाविशी वाटते. वाढत्या मुलाच्या पाठीकडे आपण ओरडण्यापुरतंच बघतो. मागे उभं राहून, पाठ उघडी करून, दोन मिनिटं शांतपणे बघणारे आई-बाप फार थोडे.

दुकानात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'ए, ताठ उभा राहा की, काकू माप घेताहेत!' पोरगं लगेच छाती पुढे काढतं, खांदे मागे ओढतं, श्वास धरतं. अशा वेळी मी टेप गळ्यात टाकते आणि त्याला शाळेचं विचारते. वर्गशिक्षक कोण, मधल्या सुट्टीत काय खेळता, डबा कोण खातं. बोलायला लागलं की मिनिटभरात ते आपल्या मूळ उभं राहण्यावर येतं. मामंजींची शिकवणच होती की पोरगं दिवसभर जसं उभं राहतं तसं माप घ्यायचं. सावधानमध्ये घेतलेल्या मापाचा शर्ट पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला तेवढा बसतो, एरवी पाठीत वर चढतो.

पोक असलेल्या मुलाचा शर्ट बघून ओळखता येतो. मागची बाजू उचललेली, पुढची बाजू लोंबणारी, कॉलर मानेपासून सुटलेली. अशा मुलाला मागचा भाग थोडा लांब कापावा लागतो. एक खांदा उतरता असेल तर त्या बाजूला काखेखाली तिरक्या चुण्या पडतात. कपड्याचा दोष आणि अंगाचा दोष यात फरक करायला वेळ लागतो, पण एकदा डोळा बसला की चुकत नाही.

आता तोलाचं सांगते, कारण पाठ आणि तोल या वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि तो मला रोज ट्रायलच्या पडद्यामागे दिसतो.

बालवाडीतल्या मुलांना पीटीचा टी-शर्ट असतो, डोक्यातून घालायचा. पोराचं डोकं आत गेलं, डोळे झाकले गेले, की ते डुलायला लागतं. एक पाय मागे जातो, हात बाहीत अडकलेले असतात, आणि मी पाठीला हात लावून धरलं नाही तर ते शिलाईच्या मशीनवर जाऊन पडेल. डोकं बाहेर आलं की त्याच क्षणी पाय स्थिर. हेच पोर तिसरी-चौथीत गेलं की टी-शर्ट डोक्यात असतानाच आईशी भांडत असतं आणि पाय जागचे हलत नाहीत. असं का होतं हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. मग आमच्या नात्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं समजावून सांगितलं. तोल सांभाळायला शरीराकडे तीन ठिकाणांहून खबर येते. एक डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आतून, तिथं अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि डोकं कुठं वळलं हे त्या मेंदूला कळवतात. तिसरी तळपाय, घोटे, गुडघे, मान यांच्या स्नायूंतून आणि सांध्यांतून. लहान मुलं डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतात. तिन्ही खबरा जुळवून घेणं मेंदूला हळूहळू जमतं, सात-आठ वर्षांनंतर ते बरंच पक्कं होतं आणि पुढं किशोरवयापर्यंत सुधारतच राहतं.

म्हणून चार वर्षांच्या पोराला एका पायावर उभं राहून चड्डी घालायला लावू नका. त्या वयात एका पायावर चार-पाच सेकंद टिकलं तरी छान आहे. पाच वर्षांचं साधारण दहा सेकंद राहतं. त्याला खाली बसवून घाला, किंवा भिंतीला टेकू द्या. बाकी छोट्यांच्या पायांची काळजी करत येणाऱ्या आयांनाही मी धीर देते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं पोट पुढं आणि कंबर आत असणारच, तळपाय सपाट दिसणारच. तीन-चार वर्षांच्या मुलांचे गुडघे एकमेकांना लागतात, सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे आपोआप सुटतात. एकाच पायाला तसं असेल, किंवा मूल लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं.

तोल एकदा आला की आला, असं मलाही वाटायचं. पण आठवी-नववीतली पोरं पडद्यामागं पँट चढवताना भिंत धरतात. पाचवीत हीच पोरं एका पायावर उभी राहून पँट घालायची आणि उड्या मारत बाहेर यायची. अंग झपाट्यानं वाढतं तेव्हा असं होतं. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी सगळ्यात जोरात वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी. त्या एका वर्षात मुली आठेक सेंटीमीटर आणि मुलं नऊ-दहा सेंटीमीटरसुद्धा वाढतात. मेंदूला सवय असते आखूड हातापायांची, आणि वर्षभरात ते लांब होऊन बसतात. मग पोरगं दाराच्या चौकटीला धडकतं, पाण्याचा तांब्या सांडतो, जिन्यावर ठेच लागते. घरात त्याला 'धांदरट' म्हणतात, 'लक्ष कुठं असतं तुझं' म्हणतात. त्याचं लक्ष जागेवर असतं, अंगाची मापं तेवढी बदललेली असतात. काही महिन्यांत तोल परत बसतो. तेवढे महिने त्याला सांभाळून घ्यावं.

माझ्याकडच्या मापाच्या वहीत हे सगळं लिहिलेलं सापडतं. आधी बूट लहान होतात (ते आई सांगते), मग पँटची लांबी वाढते, आणि शर्टाची लांबी त्यानंतर. पाय आधी वाढतात, धड मागून वाढतं. ज्या वर्षी पँटची दुमड उसवून उसवून माया (आत राखून ठेवलेलं जादा कापड) संपते, त्या वर्षी शर्ट अजून चालतो. पुढच्या वर्षी शर्ट खोचलेला राहत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. धड वाढतं तेव्हा पाठीचा कणा वाढत असतो, आणि पाठीकडे सगळ्यात जास्त बघायला हवं ते याच काळात.

त्याआधी खेळाचं एक. पोरांना मैदानावर सोडा, बाकी काही फार करायला लागत नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट होतील असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं. लंगडी खेळणाऱ्या पोरीला एका पायावर तोल राखत वळायचं, वाकायचं आणि पुढच्याला गाठायचं असतं. ठिकरीत खाली वाकून ठिकरी उचलायची असते. फुगडीत डोकं गरगरतं आणि थांबल्यावर पाय रोवून उभं राहायचं असतं. दोरीच्या उड्या आहेत. आणि आपल्याला तर अजिंक्यतारा किल्ला घराच्या मागेच आहे. चढण्यापेक्षा उतरताना तोल जास्त लागतो, त्यामुळं सकाळी मुलांना वर घेऊन जा आणि पायवाटेनं उतरवा. गाडी दरवाजापर्यंत नेऊन दरवाजापासूनच परत आणू नका.

तोलाचा विषय निघाला की मला अदिती स्वामी आठवते. आपल्या साताऱ्याची ही पोरगी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला धनुर्विद्येत, कंपाउंड प्रकारात, जगज्जेती झाली तेव्हा १७ वर्षांची होती. टीव्हीवर तिचा नेम बघताना मी शिंपिणीच्या नजरेनं बघत होते. दोन्ही खांदे खाली, मान मोकळी, पाय जमिनीत रोवलेले, आणि तरीही अंगात कुठं ताठा नाही. सुटलेल्या बाणानंतरसुद्धा ती तशीच उभी. ताठ उभं राहणं आणि स्थिर उभं राहणं यातला फरक मुलांना दाखवायचा असेल तर तिचा एक सामना दाखवावा.

सातवी ते नववीच्या मुलींबद्दल लिहायचं तर हात थोडा थांबतो, पण लिहायलाच हवं.

या वयातल्या पोरींची पोक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि ती पाठीच्या दुबळेपणाची नसते. आई बाहेर बाकड्यावर बसलेली असते आणि पोरगी पडद्याआड हात छातीशी घेऊन, खांदे पुढं ओढून उभी. टेप छातीभोवती न्यायची म्हटलं की आणखी आकसते. 'काकू, जरा सैल ठेवा ना', हे हळू आवाजात. आईचं बाहेरून सुरू असतं, 'बघा ना, म्हातारीसारखी वाकून चालते, सांगून सांगून थकले.' एकदा अशाच एका मुलीला मी विचारलं, शाळेत काही होतं का गं? ती म्हणाली, फळ्यावर लिहायला बोलावतात तेव्हा हात वर केला की टॉप वर जातो. एवढंच कारण. ती वर्गात हात वर करायची बंद झाली होती.

तयार मिळणाऱ्या कपड्यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा काप, पुष्कळदा फार खोल कापलेला असतो. खोल मुंढ्यात हात मोकळा राहील असं वाटतं, पण होतं उलटं. हात उचलला की अख्खा कपडा वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ, वर कापला आणि बाहीला रुंदी दिली तर हात डोक्यावर गेला तरी टॉप कमरेला जागच्या जागी राहतो. त्या मुलीला मी तसा कापून दिला, आतून सुती अस्तर लावलं, छातीला नीट जागा दिली आणि लांबी चार बोटं वाढवली. 'वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा' टॉप दिला असता तर ती त्यात आणखी लपली असती. नीट मापाचा कपडा अंगावर आला की पोरींचे खांदे आपोआप खाली येतात, हे मी बघितलंय. आयांना माझी विनंती आहे की या वयात पोरीला पोकाबद्दल चारचौघांत बोलू नका. आतले कपडे वेळेवर आणि योग्य मापाचे घेऊन द्या, तिच्याशी एकटीशी बोला. पाठीच्या व्यायामाआधी हे.

उंच मुलींचंही तसंच. मैत्रिणींच्या उंचीशी जुळायला त्या एका गुडघ्यात वाकून, एक कंबर बाहेर काढून उभ्या राहतात. सगळ्यात मागच्या बाकावर, रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहून त्यांना आपली उंची म्हणजे काहीतरी चुकलेलं वाटतं. त्यांना त्यांच्या उंचीचं कौतुक ऐकू येऊ द्या.

बाक, बूट आणि दप्तर यांबद्दल थोडक्यात सांगते. एका वर्गात सगळे बाक एकाच उंचीचे असतात आणि मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. पाय लोंबकळत असतील तर पाठ टिकत नाही, पोरगं पुढं घसरतं. घरी अभ्यासाच्या खुर्चीखाली पाट किंवा खोकं ठेवा, तळपाय टेकले पाहिजेत. आणि एका जागी तासभर बसवून 'सरळ बस' म्हणू नका. सगळ्यात चांगल्या पद्धतीनं बसलेलं मूलही अर्ध्या तासानं उठून हिंडलं पाहिजे. जमिनीवर मांडी, उकिडवं, पालथं पडून वाचणं, सगळं चालतं, फक्त बदलतं राहू दे.

बूट वाढत्या अंगाचे घेऊन पुढं कापूस कोंबणं बंद करा. पुढं अंगठ्याएवढी जागा पुरते. सैल बुटात बोटं आवळून चालावं लागतं, आणि तळपायाकडून तोलाची जी खबर मेंदूला जायची ती नीट जात नाही.

दप्तराचं तर सरकारनंच सांगितलंय. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको असं म्हटलंय. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. लिटरभर पाण्याची बाटलीच एक किलोची होते, त्यामुळं शाळेत पाण्याची सोय चांगली असेल तर बाटली रिकामी द्या. दोन्ही पट्टे खांद्यावर, दप्तर पाठीला चिकटून, कमरेच्या खाली लोंबणारं नको. दप्तरानं पाठ दुखते, खांदे पुढं येतात, मूल वाकून चालतं. पण दप्तरानं कणा वाकडा होत नाही. तो वाकडा होतो त्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यासाठीच खरं तर मी एवढं लिहायला बसले.

परळी भागातल्या एका गावची मुलगी, सातवीत गेलेली. दरवर्षी आमच्याकडेच शिवायची. स्कर्टच्या ट्रायलला तिला स्टुलावर उभं केलं आणि खाली बसून जमिनीपासून पट्टीनं घेर मोजायला लागले. उजवीकडे घेर वर, डावीकडे खाली. माझ्या कटिंगमध्ये काही राहिलं का म्हणून पट्टा उघडून बघितला, सरळ होता. मापाची वही काढली. आदल्या वर्षी तिचा घेर चारी बाजूंनी सारखा होता, खांद्यांपुढं काही खूण नव्हती. मग मागून नीट बघितलं. उजवा खांदा किंचित वर, पाठीचं उजवं फरं (खांद्यामागचं सपाट हाड) थोडं बाहेर आलेलं. डाव्या बाजूला हात अंगाला चिकटलेला आणि उजव्या बाजूला हात आणि कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा. पोरगी हसत होती, तिला काही दुखत नव्हतं. तिला म्हटलं, खाली पडलेली पिन उचलून दे गं. ती वाकली तेव्हा ब्लाउजखाली पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच आलेली स्पष्ट दिसली.

आईला बाजूला घेतलं. 'ताई, हिची पाठ एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.' आई म्हणाली, 'दप्तर एका खांद्यावर घेते ना, म्हणून. मी रोज ओरडते.' मी म्हटलं, ओरडून होणारं हे नाही, आणि तिची चूकही नाही. घाबरू नका, पण पाऊस संपायची वाट बघू नका. पुढच्याच आठवड्यात दोघी सिव्हिलला गेल्या, तिथून एक्स-रे, तिथून पुढं पुण्याला. कण्याला २८ अंशांचा वाक निघाला.

याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूला वळतो आणि वळताना स्वतःभोवती थोडा पिळतोही, म्हणून बरगड्यांची एक बाजू वर येते. एक्स-रेवर १० अंशांपेक्षा जास्त वाक आला तर हे नाव देतात. १० ते १६ वयाच्या मुलांमध्ये शंभरात दोन-तीन जणांना असतो. बहुतेकांचा वाक लहानच राहतो, त्यांना काही करावं लागत नाही, डॉक्टर ठरावीक काळानं बघत राहतात. थोडा वाक मुलगे-मुली दोघांत सारखाच आढळतो, पण वाढत जाणारा वाक मुलींमध्ये कितीतरी जास्त. या वयातल्या बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. झोपण्याच्या सवयीनं, दप्तरानं, एका बाजूला कलून बसण्यानं हा होत नाही. कुटुंबात कुणाला असेल तर शक्यता वाढते.

वेळ इतकी महत्त्वाची का, तर कणा वाढत असतो तोवरच वाकही वेगानं वाढू शकतो. मुलींची पाळी सुरू झाल्यावर उंची वाढायचा वेग कमी होतो आणि साधारण दोन वर्षांत वाढ थांबते. म्हणजे सहावी ते नववी हाच काळ. वाढ शिल्लक असताना वाक २५ ते ४० अंशांच्या आसपास असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घट्ट बसणारं कडक कवच, देतात. ब्रेस कणा सरळ करायला नसतो, वाक पुढं जाऊ नये म्हणून असतो. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा वाक वाढ संपेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ येते त्या ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत ४८ टक्क्यांचा. आणि दिवसाला सरासरी तेरा तास किंवा जास्त घालणाऱ्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं. म्हणजे पोरीनं ब्रेस किती तास अंगावर ठेवला यावर सगळं आहे. आणि तो किती तास ठेवला जातो हे आतल्या बनियनवर आणि वरच्या टॉपवरही ठरतं. तिथं माझं काम येतं, ते शेवटी सांगते.

घरी कसं बघायचं ते आधी. महिन्यातून एकदा नको, वर्षातून तीन-चार वेळा पुरे. मुलगी असेल तर आईनं, मुलगा असेल तर कुणीही. पाठ उघडी, उजेड मागून. पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून उभं करा. खांदे एका रेषेत आहेत का, दोन्ही फरी सारखी आहेत का, कमरेच्या दोन्ही बाजूंची वळणं सारखी आहेत का. मग दोन्ही तळहात जोडून, हात खाली सोडून हळूहळू वाकायला सांगा आणि तुमचे डोळे पाठीच्या पातळीला आणा. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांकडे जा. थोडासा फरक पुष्कळांच्यात असतो, उजव्या हातानं काम करणाऱ्यांचा उजवा खांदा जरा खाली असतो, त्यानं घाबरून जायचं कारण नाही. पण ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नाही. पाठ रात्री दुखून झोपमोड होत असेल, पायात मुंग्या येत असतील, जोर कमी वाटत असेल, तर मात्र थांबूच नका.

मुलग्यांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. पाठीवर गोलसर उंचवटा असलेला मुलगा पालथा झोपला, किंवा त्यानं हात वर करून पाठ मागं नेली आणि उंचवटा सरळ झाला, तर ती सवयीची पोक. व्यायामानं, खेळानं ती जाते. तसाच राहिला, कडक लागला, तर मणके पुढच्या बाजूनं पाचरीसारखे झालेले असू शकतात. हे तेराव्या वर्षाच्या पुढं दिसायला लागतं आणि यालाही एक्स-रे लागतो.

शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तपासणीला येतात. दवाखाना लांब असलेल्या गावातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना आवर्जून सांगावं, आमच्या या मुलीची पाठ बघा. वर्गातल्या पीटीच्या बाईंना तर सगळ्यात आधी दिसेल, रोज सूर्यनमस्कारात पोरी त्यांच्यासमोरच वाकतात.

आता ब्रेसच्या आतल्या-वरच्या कपड्यांचं. त्या मुलीला पहिले काही दिवस ब्रेस नकोसा झाला होता. कमरेला लाल वळ उठले, घाम साचला, आणि जुना टॉप ब्रेसवरून चढेना. आई रडवेली होऊन दुकानात आली. दुकानात मिळणाऱ्या बनियनला बगलेत शिलाई असते, आणि नेमकी तिथंच ब्रेस दाबतो. मी बिनशिलाईचं सुती होजियरीचं कापड आणून एकाच बाजूला, तीही ब्रेस न दाबणाऱ्या बाजूला, चपटी शिलाई घेतली. बनियन अंगाला घट्ट आणि सीटच्या खालपर्यंत लांब ठेवलं, म्हणजे ब्रेसखाली त्याची एकही चुणी पडत नाही. चुणी पडली की वळ उठलाच समजा. दिवसाला दोन लागतात, पावसात वाळत नाहीत, म्हणून सहा शिवले. टॉपला पुढं बटणं दिली, डोक्यातून घालायला नको. कमरेला चार बोटं माया वाढवली, प्लेट्स कमरेच्या खालून सुरू केल्या, म्हणजे ब्रेसची कडा उठून दिसत नाही. पट्ट्याऐवजी आत इलास्टिक. शाळेत विचारून स्कर्टऐवजी सलवार-कमीज चालवून घेतलं, बाईंनी लगेच होकार दिला. पोरगी आता शाळेतही घालते, खेळाच्या तासाला आणि अंघोळीला तेवढा काढते. पुढच्या एक्स-रेत वाक वाढलेला नव्हता.

कुणाच्या मुलीला किंवा मुलाला ब्रेस लागला असेल तर मापाला येताना ब्रेस घालूनच या आणि रोज वापरायचं बनियन बरोबर आणा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी असते, त्यामुळं एप्रिलमध्ये आलात तर मला निवांत बसून दोन ट्रायल देता येतील. लांबच्या गावची माणसं असतील तर ब्रेसवरून छाती, कंबर, सीट आणि काखेपासून सीटपर्यंतची लांबी मोजून घ्या, ब्रेस कुठं दाबतो तिथं खडूनं खूण करून फोटो काढा, आणि तुमच्या गावातल्या शिंप्याला हेच सगळं सांगा. बिनशिलाईचं होजियरी कापड आणि एक चपटी शिलाई, एवढं कुठलाही चांगला कारागीर करून देईल.